लई बेस!

एक छोटासा प्रयोग करून बघा. फुकटातला आहे. मडी वॉटर्सचं 'हूची कूची मॅन' हे गाणं मोबाइलच्या स्पीकरवर लावा. १९५४ सालचं रेकॉर्डिंग, पण शोधायला दहा सेकंदं पुरतात. मडीचा तो दमदार, जरासा माजोरडा आवाज ऐकू येईल. लिटल वॉल्टरचा हार्मोनिका, म्हणजे आपला माउथ ऑर्गन, तोही ऐकू येईल. गिटार, पियानो, ड्रम्स... सगळे हजर! आता तेच गाणं बऱ्यापैकी हेडफोनवर ऐका. थांबून थांबून येणारा तो फेमस तुकडा आहे ना, त्याच्या खाली काहीतरी जाडजूड, लाकडी, उबदार असं हलताना जाणवेल. वाड्यातल्या जिन्यावरून कुणीतरी धिप्पाड माणूस सावकाश उतरत यावा, तसं.

तो उतरणारा माणूस म्हणजे विली डिक्सन. हातात अपराइट बेस. आणि गंमत म्हणजे तो या गाण्यात नुसता बेस वाजवत नाहीये. गाणंच त्याचं आहे. लिहिलंय त्याने, आणि मडीला शिकवलंयही त्यानेच. तो सांगायचा की झँझिबार नावाच्या क्लबमध्ये मडीचा कार्यक्रम चालू होता, मधल्या ब्रेकमध्ये दोघं बाथरूमशी उभे राहिले आणि तिथल्या तिथे मडीने गाणं पाठ केलं. मग स्टेजवर जाऊन लगेच गायलंसुद्धा!

एवढं सगळं करून गाण्याबरोबर जगभर नाव झालं ते मडीचं. त्यात मडीचा काही दोष नाही, गायलाच तसा आहे तो. पण खाली उभ्या असलेल्या माणसाचं काय?

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला त्याला कारण हेडफोन. दोन वर्षांपूर्वी मला मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज ऐकून उतरवून काढायचं भरपूर काम मिळालं होतं. फ्रीलान्सर मंडळींना माहितीये, हे काम म्हणजे पाठीची आणि कानांची वाट. लोक बोलतात कॅफेत, मागे मिक्सर फिरत असतो आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य त्या मिक्सरमध्ये जातं. म्हणून ईएमआयवर चांगले हेडफोन घेतले. पहिल्याच रविवारी मावसभाऊ घरी आला. तो कार्यक्रमांना साउंड लावतो, त्यामुळे त्याच्यासमोर असली खरेदी दाखवायची म्हणजे परीक्षाच. त्याने हेडफोन कानाला लावले, माझ्या प्लेलिस्टमधली दोन-तीन गाणी फिरवली आणि म्हणाला, "मस्त आहेत गं. पण तू ऐकतेस काय यावर?"

"ब्लूज ऐकते ना दादा. कॉलेजपासून ऐकते."

"गिटार ऐकत असशील. आता एक काम कर. गिटार सोड, गाणारा सोड. खालचा ऐक. खालचा कोण आहे बघ."

मास कॉमची डिग्री घेतलेल्या मुलीला 'कोण आहे बघ' असं म्हणणं म्हणजे मांजरापुढे लोकरीचा गुंडा टाकणं. मी अ‍ॅप उघडलं. गायकाचं नाव ठळक अक्षरात. गीतकाराचं नाव आत कुठेतरी. बेस वाजवणाऱ्याचं नावच नाही! दुसरं गाणं, तिसरं गाणं... तेच. मग काय, पुढचे कित्येक वीकेंड्स माझे 'खालचा कोण' यात गेले. मैत्रिणी ट्रेकला, मी शिकागोत. तेही १९४८ सालच्या.

आधी हे वाद्य काय प्रकरण आहे ते सांगते. अपराइट बेस किंवा डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या खानदानातला सगळ्यात थोरला. उंची साधारण सहा फूट, म्हणजे बहुतेक वाजवणाऱ्यांपेक्षा वाद्यच उंच. चार तारा. त्या काळात त्या जनावराच्या आतड्यापासून केलेल्या असायच्या, म्हणून आवाज असा गोलसर आणि मऊ यायचा. सगळ्यात खालच्या तारेचा सूर सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला एवढी संथ हवा हलवणं झेपतच नाही. मग आपला कान वरच्या स्वरांवरून अंदाज बांधतो आणि मेंदू खालचा सूर स्वतःच्या खिशातून भरतो. म्हणजे बेस ऐकू येतोय असं आपल्याला वाटतं, पण तो तिथे नसतोच. सकाळी कॅबमध्ये, लोकलमध्ये, ऑफिसच्या डेस्कवर फोनवरून गाणी ऐकणाऱ्या आपल्या अख्ख्या पिढीचं हे असं आहे बघा.

आणि ब्लूजमध्ये तर बेसशिवाय घर उभं राहत नाही. ब्लूजचा साधा हिशेब म्हणजे बारा मात्रागटांचं एक आवर्तन. त्यात फक्त तीन मुक्काम. पहिला घर, दुसरा थोडं बाहेर, तिसरा आणखी जरा लांब आणि मग परत घरी. आपण कुठल्या मुक्कामावर आहोत हे गाणारा सांगत नाही, तो आपल्या दुःखात असतो. गिटारवालाही सांगत नाही, तो आपल्या बोटांत असतो. ते सांगतो बेसवाला. एकेका ठोक्याला एकेक सूर टाकत तो चालत राहतो. याला 'वॉकिंग बेस' म्हणतात ते उगाच नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे स्लॅप. तार ओढून अशी सोडायची की ती खालच्या लाकडी पट्टीवर आपटली पाहिजे. सूरही निघतो आणि ठोकाही पडतो. एका माणसाच्या पगारात दोन माणसं! मालक लोकांना ही आयडिया किती आवडली असेल, तुम्हीच विचार करा.

आता माणसांकडे येते. सुरुवात जॉन लिंडसेपासून. न्यू ऑर्लिन्सचा हा वादक १९२६ मध्ये जेली रोल मॉर्टनच्या रेड हॉट पेपर्समध्ये बेस वाजवत होता. तेव्हा इलेक्ट्रिक मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. त्याआधी भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचे. त्या भोंग्यात डबल बेसचा आवाज धड शिरायचाच नाही, म्हणून पुष्कळदा त्याच्या जागी पितळेचा ट्युबा असायचा. मायक्रोफोन आला आणि या लाकडी थोरल्याला पहिल्यांदा नीट बोलायला मिळालं. पुढे १९३० च्या दशकात लिंडसे शिकागोत हार्लेम हॅमफॅट्स या ब्लूज आणि जॅझची मस्त खिचडी करणाऱ्या बँडमध्ये होता.

मग रॅन्सम नोलिंग. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, पण त्याचं काम तुमच्या कानावरून नक्की गेलंय. १९३०-४० च्या दशकांत शिकागोत रेकॉर्ड झालेल्या कितीतरी ब्लूज गाण्यांत बेस याचा आहे. त्यातलंच एक आर्थर क्रूडपचं 'दॅट्स ऑल राइट', १९४६ सालचं. क्रूडपची गिटार, जज रायलीचे ड्रम्स आणि नोलिंगचा बेस. तीनच माणसं. आठ वर्षांनी, जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एका १९ वर्षांच्या पोराने हेच गाणं गायलं. त्याचं नाव एल्विस प्रेस्ली. एल्विसच्या त्या रेकॉर्डमध्ये ड्रम्स नाहीत हे तुमच्या लक्षात आलंय का? मला तर हेडफोन येईपर्यंत पत्ता नव्हता. ड्रम्सचं सगळं काम बिल ब्लॅकचा अपराइट बेस करतोय, स्लॅप करून. बिल ब्लॅकचा तो बेस पुढे लिंडा मॅकार्टनीने नवऱ्याला प्रेझेंट दिला. होय, बीटल्सवाल्या पॉलला! वाद्याचं असं सोनं झालं. मूळ गाणं लिहिणाऱ्या क्रूडपला मात्र रॉयल्टीसाठी जन्मभर वाट बघावी लागली. १९७४ मध्ये तो गेला, तेव्हाही हक्काचे पैसे त्याच्या हातात पडलेले नव्हते.

तिसरा माझा लाडका, अर्नेस्ट 'बिग' क्रॉफर्ड. १९४८ साल. मिसिसिपीच्या शेतांतून शिकागोत आलेला मडी वॉटर्स दिवसा ट्रकवर काम करतोय. अ‍ॅरिस्टोक्रॅट नावाच्या छोट्या कंपनीसाठी तो 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' रेकॉर्ड करतो. इलेक्ट्रिक गिटार, आवाज आणि शेजारी बिग क्रॉफर्ड. बास, आणखी कुणी नाही. पहिली छपाई दिवसभरात संपली आणि खुद्द मडीलाच दुकानात जास्तीची कॉपी मिळेना, असा किस्सा सांगतात. ते गाणं ऐकताना क्रॉफर्डकडे लक्ष द्या. मडीची काचेची नळी तारांवरून घसरत कुठल्या कुठे जातेय आणि हा बाबा थप थप थप करत जागेवर उभा आहे. गर्दीच्या फलाटावर आपला हात न सोडणारा माणूस असतो ना, तसा. तो प्रकार इतका चालला की कंपनीने पुढची दोन वर्षं मडीला त्याचा पूर्ण बँड स्टुडिओत आणूच दिला नाही. मडीला बँड हवा होता, पण कंपनी म्हणे, चालतंय ना, मग कशाला बदलायचं? (ऑफिसात हे वाक्य ऐकलं नसेल असा माणूस दाखवा!) तीच कंपनी १९५० मध्ये 'चेस रेकॉर्ड्स' झाली.

आणि चेसमध्ये शिरला आपला जिन्यावरून उतरणारा माणूस.

विली डिक्सनचं आयुष्य म्हणजे वेब सीरिजचे चार सीझन आहेत. १ जुलै १९१५ ला मिसिसिपीतल्या विक्सबर्गला जन्म. आईला यमकात बोलायची सवय, ती याने उचलली. १९३० च्या दशकात शिकागोला आला तो बॉक्सर व्हायला. अंगाने ताडमाड, त्यामुळे १९३७ मध्ये इलिनॉयच्या गोल्डन ग्लव्हज स्पर्धेत हेवीवेट किताबही मिळवला. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये चार लढती झाल्या आणि मॅनेजरशी पैशांवरून वाजलं. संपलं बॉक्सिंग! जिममध्ये लिओनार्ड 'बेबी डू' कॅस्टन नावाचा मित्र यायचा. त्याने डिक्सनला एक पत्र्याचा डबा आणि एक तार घेऊन पहिलावहिला बेस करून दिला. ब्लूजमधला सगळ्यात गाजलेला बेसवाला डब्यावर शिकला.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराचं बोलावणं आलं. डिक्सन गेला नाही. ज्या देशात माझ्या माणसांना असं वागवतात, त्या देशासाठी मी लढणार नाही, अशी त्याची भूमिका होती. त्यासाठी त्याने साधारण दहा महिने तुरुंगात काढले. हे वाचलं तेव्हा मी हेडफोन काढून ठेवले आणि जरा वेळ नुसती बसले. बेसवाला म्हणजे गपगुमान मागे उभा राहणारा, असं आपलं एक चित्र असतं ना...

१९५१ पासून तो चेसमध्ये पूर्ण वेळ. काम काय? बेस वाजवणं, गाणी लिहिणं, कुणी काय वाजवायचं ते बसवणं, नवीन कलाकार शोधणं. आपल्याकडच्या स्टार्टअपमध्ये एकाच पोराच्या गळ्यात चार डेझिग्नेशन्स असतात, तसं. मडीला 'हूची कूची मॅन', लिटल वॉल्टरला 'माय बेब', हाउलिन वुल्फला 'स्पूनफुल' आणि 'लिटल रेड रूस्टर'. वुल्फच्या 'स्मोकस्टॅक लाइटनिंग'मध्ये बेस त्याचा. चक बेरीच्या 'जॉनी बी. गूड'मध्येही त्याचाच! आता हे 'जॉनी बी. गूड' १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेलं. त्यातलं पहिलं यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावाचा पट्टा ओलांडून तारकांच्या मधल्या अवकाशात पोचलं. म्हणजे विक्सबर्गच्या या माणसाचा बेस आज माणसाने बनवलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा लांब गेलाय. तबकडीवरच्या त्या गाण्याच्या नोंदीत मात्र नाव चक बेरीचं.

पैशांचं म्हणाल तर तिथेही तीच कथा. चेसशी जोडलेली प्रकाशन कंपनी होती आर्क म्युझिक. गाण्यांचे हक्क तिच्याकडे. १९६४ च्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्सनी गायलेलं 'लिटल रेड रूस्टर' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. जगभरचे गोरे रॉकस्टार्स डिक्सनची गाणी गाऊन मोठे झाले. मग १९७० च्या दशकात डिक्सन आणि मडी दोघांनीही आर्कला कोर्टात खेचलं, तडजोड झाली आणि पुढे आपल्या गाण्यांवरचा ताबा डिक्सनकडे परत येत गेला. पण क्लायमॅक्स वेगळाच आहे. लेड झेपेलिनचं 'होल लॉटा लव्ह' माहितीये ना? १९६९ चं, रॉकवाल्यांचं राष्ट्रगीतच. हे गाणं बाबांच्या 'यू नीड लव्ह'सारखं वाटतंय, हे ओळखलं डिक्सनच्या मुलीने, शर्लीने. १९६२ मध्ये मडीने गायलेलं गाणं ते. १९८५ मध्ये डिक्सनने दावा लावला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि आज त्या गाण्याच्या श्रेयात विली डिक्सनचं नाव आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस, मधुमेहाने एक पाय गेलेला, आणि लढतोय कशासाठी तर एका ओळीसाठी. ती ओळ म्हणजे नाव.

मिळालेल्या पैशांतला वाटा त्याने कुठे लावला? ब्लूज हेवन फाउंडेशन काढलं. म्हाताऱ्या ब्लूज कलाकारांना मदत करायची, त्यांचे हक्क त्यांना मिळवून द्यायचे. १९९२ मध्ये तो गेल्यावर पत्नी मेरीने चेसचा जुना स्टुडिओ, २१२० साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू, विकत घेतला. जिथे तो खाली उभा राहून वाजवायचा, ती इमारत आता त्याच्या संस्थेची आहे. एवढा न्याय बॉलिवूडचा लेखकसुद्धा शेवटच्या रिळात करत नाही!

आता माझं थोडंसं. कारण हे सगळं वाचत होते तेव्हा माझ्या टेबलावर दोन पानांचा एक करार पडला होता.

आमच्या धंद्यात एक काम असतं. मोठ्या माणसांची आत्मचरित्रं आपण लिहायची. ते बोलतात, आपण रेकॉर्ड करतो, उतरवतो, जुळवतो, घासतो आणि पुस्तकावर नाव त्यांचं. यात फसवणूक काही नाही. आयुष्य त्यांचंच असतं. मराठीत यासाठी एक छान शब्दही आहे, 'शब्दांकन'. आतल्या पानावर बारीक टाइपात 'शब्दांकन : अमुकतमुक' एवढं छापतात. त्या करारात मात्र लिहिलं होतं, सर्व हक्क त्यांचे आणि लेखिकेचं नाव कुठेही येणार नाही. माणूस शहरातला बडा व्यावसायिक. पैसे चांगले होते. कर्वेनगरातल्या आमच्या तिघींच्या फ्लॅटच्या भाड्याचा माझा वाटा पाच-सहा महिने सुटला असता.

मी फोन केला. म्हटलं, बाकी सगळं मान्य आहे, फक्त आत एक ओळ हवी.

"मॅडम, सरांचं पुस्तक आहे. सरांचंच नाव राहणार ना?"

"राहू दे ना. कव्हरवर सरांचंच. मी आतलं म्हणतेय. शब्दांकन."

"बघा, नाव हवं असेल तर मानधन थोडं कमी करावं लागेल."

हा फंडा मला जाम आवडला. नाव दिलं की पैसे कमी! म्हणजे नावाला किंमत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, दोन्ही हवं. दोन दिवसांनी निरोप आला की त्यांनी दुसऱ्या कुणालातरी घेतलंय. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढी काय नावाची पडली होती गं? भाडं काय तो डिक्सन भरणारे का?" आई बरोबर होती. ते दोन महिने खरंच टाइट गेले. स्विगी बंद, कट्ट्यावरची कॉफी बंद, घरी पोहे. पण झोप लागत होती हेही खरं.

मग दिवाळीनंतर एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं काम आलं. ऐंशीच्या पुढच्या. मानधन बेताचंच. करार वगैरे काही नाही, वहीत तारखा लिहून ठेवलेल्या. दुसऱ्या भेटीत मी भीतभीतच शब्दांकनाचा विषय काढला. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, बोलले मी, लिहिणारेस तू. मग नाव नको का घालायला? आमच्या शाळेत गॅदरिंगला पडदा ओढणाऱ्याचंसुद्धा नाव वाचायचे मी." विषय संपला. चहा आला.

बाईंचं ते वाक्य ऐकलं आणि वाटलं, आपल्याकडे ही रीत आहेच की! गाण्याच्या मैफलीत निवेदक आधी तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण ते सांगतो आणि मंडळी टाळ्या वाजवतात. 'साथसंगत' म्हणतो आपण. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डवर मात्र ही रीत विसरली गेली. मुंबईच्या त्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये डबल बेस असायचा, त्यातले पुष्कळ वादक गोव्याचे. लेबलवर गायक, गीतकार, संगीतकार आणि सिनेमाचं नाव. खालचा कोण? माहीत नाही.

शिकागोतला अपराइट बेस पुढे मागे पडला. १९५१ मध्ये लिओ फेंडरने इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला. गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा, कारच्या डिकीत टाकून निघायचं. क्लबमध्ये गिटारवाले आवाज वाढवत चालले होते, त्यापुढे बिचाऱ्या लाकडी पेटीचं काय चालणार! १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्ह मायर्ससारखे वादक इलेक्ट्रिककडे वळले आणि बघता बघता शिकागोचा आवाज बदलला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. सहा फुटी वाद्य घेऊन बर्फातून जिने चढा म्हणजे कळेल.

पण जाता जाता त्याचा एक अल्बम राहून गेला, आणि तुम्ही एकच काही ऐकणार असाल तर तो ऐका. मडी वॉटर्सचा 'फोक सिंगर'. १९६३ च्या सप्टेंबरात रेकॉर्ड झाला, १९६४ मध्ये आला. इलेक्ट्रिक काही नाही. मडी, ड्रम्सवर क्लिफ्टन जेम्स, अपराइट बेसवर विली डिक्सन आणि दुसऱ्या गिटारवर २७ वर्षांचा एक पोरगा, बडी गाय. हा तोच बडी गाय, ज्याने २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला मुंबईकरांना वेड लावलं. मी तेव्हा शाळेत होते, त्यामुळे फक्त जळू शकते. 'फोक सिंगर'मध्ये एवढी शांतता आहे की तारेवरून बोट सरकल्याचंही ऐकू येतं. पहिलंच गाणं, 'माय होम इज इन द डेल्टा'. मडी एक ओळ म्हणतो आणि थांबतो. त्या थांबण्यात डिक्सन एक सूर ठेवतो. अगदी हळू, आजोबा झोपलेल्या नातवाच्या अंगावर पांघरूण घालतात तसा. घाई नाही, दाखवेगिरी नाही. तो सूर काढून टाकला तर मडीची पुढची ओळ कशावर उभी राहणार?

देवनागरीत एक मजा आहे. वाद्य असलेला बेस आणि पाया असलेला बेस, दोन्ही आपण सारखेच लिहितो. आणि आमच्या गावाकडे तिसराच अर्थ. काम मनासारखं झालं की आजी म्हणायची, "लई बेस झालं बघ!"

तर या वीकेंडला एवढं करा. तुमच्या आवडीचं कुठलंही गाणं घ्या, ब्लूजच पाहिजे असं नाही. हेडफोन लावा, गाणाऱ्याला जरा बाजूला ठेवा आणि खालचा ऐका. मग त्याचं नाव शोधा. सापडायला वेळ लागेल, कदाचित दोन-तीन संध्याकाळी जातील. सापडलं की कुणालातरी सांगा. सोमवारी ऑफिसात शेजारच्या डेस्कवरच्याला सांगितलंत तरी चालेल. बाईंच्या पुस्तकाची प्रूफं परवा आलीत, मी आता ती तपासायला बसते. चौथ्या पानावर खाली बारीक टाइपात एक ओळ आहे, तिच्यातल्या वेलांट्या मात्र मी दोनदा तपासणार आहे.